आईच्या स्कॅनचं गाठोडं

बाबा,

आईला घेऊन दवाखान्यात जातेय. तुम्हाला उठवलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडून फोन येईल, ते मेलचा पत्ता सांगतील. त्यावर कॉम्प्युटरमधली 'आई' नावाची झिप लगेच पाठवा. झिप म्हणजे स्कॅनच्या शेकडो चित्रांचं एकच गाठोडं. ते सुटलं नाही तर चित्रांचा क्रम बिघडत नाही आणि मेलमध्येही मावतं. तसंच्या तसं जोडा.

काल तुम्ही त्यात नुसते डोकावलात, चित्रं दिसली म्हणजे ती बाहेर आली असं वाटलं आणि झिप उरलेलं रिकामं खोकं समजून डिलीट केलीत. चित्रं बाहेर काढलीच नव्हती, त्यामुळे झिपबरोबर तीही गेली. इस्त्रीचं खोकं हमीपत्रासकट फेकणारे तुम्हीच! कॉम्प्युटरच्या कचऱ्यातून ती परत मिळेपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आज उघडूच नका. त्या काळ्या-पांढऱ्या डागांतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, उगाच तर्क लढवत बसाल. आईचा फोन आला तर नेहमीसारखंच बोला, आवाज सांभाळा.

आणि त्यात रिपोर्ट शोधू नका. तो मी गाठोड्यात बांधलेला नाही, माझ्या पर्समध्ये आहे. संध्याकाळी येते, मग तुमच्या शेजारी बसून वाचून दाखवते. तोवर जेवून घ्या.

चिमी