अडीच पानांचं स्वगत

बेटमा, मंगळवार

प्रिय दिवाकर,

तुझं पाकीट मिळालं. आत संमतिपत्र असणार म्हणून कात्री शोधायलाही थांबले नाही, दातांनीच फाडलं. निघालं काय, तर अडीच पानांचं स्वगत आणि वर तुझी चिठ्ठी, की हे घातलंत तरच सही करीन. तर आधी उत्तर ऐक आणि मग बाकीचं वाच. हे स्वगत आम्ही घेणार नाही. मी दिग्दर्शिका आहे तोवर त्यातली एक ओळही इंदूरच्या रंगमंचावर येणार नाही.

पस्तीस वर्षांनी पहिलं पत्र आणि सुरुवात भांडणाने, असं वाटेल तुला. वाटू दे. लेखकाच्या सहीशिवाय स्पर्धेची प्रवेशिका घेत नाहीत आणि पुढचा शुक्रवार ही शेवटची तारीख आहे, हे तुला पक्कं ठाऊक आहे. नाड्या तुझ्या हातात आहेत. पण म्हणून मी गोड बोलणार नाही.

तुझी जी जुनी एकांकिका आम्ही पुन्हा बसवतोय ती आली कुठून, ते तरी आठवतंय का? पलासियाच्या वाचनालयात फिल्म सोसायटीने तो जुना फ्रेंच गुन्हेपट लावला होता. दिल्लीहून आलेल्या प्रिंटला सबटायटल्सच नव्हती. संयोजक माफी मागत फिरत होते, निम्मे लोक उठून कचोरी खायला गेले. आपण दोघं बसून राहिलो. फ्रेंचचं अक्षर येत नसताना आपल्याला सगळं कळलं, कारण त्यात कुणी फारसं बोलतच नव्हतं. हॅटवाला तो चोर हातमोजे चढवतो, टेबल पुसतो, दार ओढून घेतो. संगीत नाही, नुसते बुटांचे आवाज. दगा देणाऱ्या मित्रासमोर बसतो तेव्हाही त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. मी मात्र रुमाल भिजवला. सुदामा नगरपर्यंत सायकल हातात धरून चालत तू एकच म्हणत होतास, "यामिनी, त्यात एक पण माणूस रडला नाही ना यार, म्हणून आपल्याला रडू येतंय." पंधरा दिवसांत तू एकांकिका लिहिलीस. अख्खी मिळून अकरा वाक्यं.

आणि आता तूच मला कळवतोस की आजच्या प्रेक्षकाला सगळं उलगडून सांगावं लागतं? निखिल म्हणून आमचा नवा चोर आहे, अकोल्याचा, इंदूरला सॉफ्टवेअर कंपनीत असतो. त्याने मला लॅपटॉपवर असल्या जुन्या सिनेमांचे तीन रीमेक दाखवले, एक अमेरिकन आणि दोन हिंदी. तिन्हींत चोराला आजारी आई होती! एकाला मेलेली बायकोसुद्धा दिली होती. तिजोरी उघडताना मागे व्हायोलिन रडतंय, आणि हा गडी स्वतःचं बालपण सांगतोय. बिचाऱ्याला सगळं काही दिलं, फक्त गप्प बसू दिलं नाही. तुझं स्वगत त्याच पंगतीतलं आहे. मालिकांचे हजार भाग लिहून तुझा हात सैल सुटलाय. राग आला तर येऊ दे.

मंडळातही तुझ्या बाजूचे आहेतच. सेक्रेटरी हृषीकेश, आपल्या श्रीरामचा मुलगा, परवा तालमीत म्हणाला, "काकू, चार मिनट कोणी काही बोललंच नाही, तर पब्लिकला वाटेल ना की माईक खराब आहे. दिवाकरजींनी इतकं मस्त लिहून दिलंय, टाकून द्या ना बीच में." मी म्हटलं, "भिया, तुला गप्प बसवत नाही म्हणून चोराला बोलायला लावू का?" तो फुरंगटून समोसे आणायला गेला. आणले मात्र सगळ्यांना.

तुझ्या स्वगतातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. चोर दगाबाज मित्राला म्हणतो, "तू तोंड उघडलंस आणि त्या एका शब्दाने माझं सगळं गेलं." निखिलला ते चोराचं वाटलं. मला नाही वाटलं. ते तू मला लिहिलंयस. पस्तीस वर्षं सांभाळलेली तक्रार निखिलच्या तोंडून मला ऐकवायची होती, होय ना? मग आता माझंही ऐक.

पस्तीस वर्षांपूर्वीच्या स्पर्धेतल्या त्या प्रयोगाचा शेवट डोळ्यांसमोर आण. चोर तू, दगाबाज मित्र श्रीराम. तू चहा करतोस, दोन कप मांडतोस, समोरासमोर बसता. पोलीस जिना चढताहेत, दोघांनाही ठाऊक आहे. चार मिनिटं कुणी बोलत नाही. मग तू एकच वाक्य म्हणणार आणि पडदा. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तिसऱ्या मिनिटाला विंगेतून प्रॉम्प्टरचा, म्हणजे माझा, आवाज आला, चांगला खणखणीत: "बोल ना रे!" हॉल फुटला. परीक्षकसुद्धा हसले. नंतर महिनाभर पलासियाच्या चौकात पोरं तुला बघून "बोल ना रे" ओरडायची. सगळ्यांनी ठरवलं, यामिनी घाबरली, तिला वाटलं दिवाकर वाक्य विसरला. मीही मान डोलावली. तू कुणाला काही न सांगता पुण्याला निघून गेलास, आणि तेव्हापासून तुझी पात्रं एक मिनिट गप्प बसलेली मी पाहिली नाहीत.

सोबत प्रॉम्प्टिंगच्या वहीच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स जोडली आहे. अक्षर तुझंच आहे. त्या चार मिनिटांनंतरचं वाक्य वाच: "चहा गार होतोय." "बोल ना रे" त्या वहीत कुठेच नाही, दिवाकर. ते मी तुला म्हटलं होतं. आदल्या संध्याकाळी तू आमच्या घरी तासभर बसलास. बेटम्याचे लोक रविवारी मला बघायला येणार, हे तुला मी स्वतः सांगितलं होतं. बाबा रेल्वेच्या गप्पा मारत होते आणि तू माझ्याकडे बघत मी केलेला चहा प्यायलास आणि उठून गेलास. दुसऱ्या दिवशी श्रीरामच्या खुर्चीमागेच माझी विंग होती. तू त्याच्याकडे बघत होतास ते माझ्याकडेच, अगदी त्याच चेहऱ्याने. मला नाही सोसलं. वासुदेवला हे मी लग्नाआधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "बरं झालं ना, नाही बोलला तो." पस्तीस वर्षं त्याच्याबरोबर मी सुखात आहे. रोज बेटम्याहून गाडीने मला इंदूरला तालमीला नेतो आणि घड्याळ लावून ती चार मिनिटं मोजतो.

हे सांगायलाच लिहायला बसले. तुझी एकांकिका पडली नाही, ती मी पाडली. ती चार मिनिटं तेव्हाही बरोबर होती, त्यांच्यावर अडीच पानांचं ठिगळ लावू नकोस. या वेळी विंगेत प्रॉम्प्टर नाही. श्रीरामच्या खुर्चीत मी बसणार आहे आणि चार मिनिटं तोंड मिटून दाखवणार आहे. संमतिपत्राचा कोरा कागद जोडला आहे. नाही आला परत, तर स्पर्धा गेली उडत, सुदामा नगरच्या शाळेच्या हॉलमध्ये त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी सकाळी अकराला आम्ही करतोच आहोत. लेखक म्हणून अडवायचं असेल तर येऊन अडव. पण उत्तर लिहू नकोस, दिवाकर. एक शब्दही नको. नुसती सही कर.

तुझी प्रॉम्प्टर,
यामिनी