मयताच्या घरी मत मागायचं नाही

प्रिय अण्णा,

रणजितला उद्यापर्यंत भाषण हवंय. ते लिहायला म्हणून लॅपटॉप उघडला आणि तुम्हालाच लिहायला लागले. भाषण तरी कोणावर आहे? तुमच्यावरच. पुढच्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध आणि त्याच संध्याकाळी मार्केट यार्डात तुमची श्रद्धांजली सभा, करोनामुळे तेव्हा राहून गेलेली. बोलणार तुमचे चिरंजीव आणि लिहिणार मी, इथे नेदरलँड्सच्या फेल्डहोवनमध्ये बसून! देश बदलला, पण माझं काम काही बदललं नाही.

सकाळपासून चहा करतेय आणि गार करून ओतून देतेय. मिलिंद वर त्याच्या मीटिंगमध्ये आहे, ईशा सायकलवरून शाळेत गेली. मी आपली स्वयंपाकघरातून दारापर्यंत आणि दारापासून परत. निकालाच्या दिवशी तुम्ही फिरायचात तशी. आई म्हणायची, "अहो, बसा की जरा, फरशी झिजेल." इथे असं म्हणायलाही कोणी नाही.

हा बघा, रणजितचा मेसेज आला. "ताई, शेवटी ते 'अण्णांवर केलंत तसंच प्रेम माझ्यावरही राहू द्या' असं काहीतरी घाल ना. निवडणुका आल्यात. लोकांना बरोबर कळेल."

कळेल ना! न कळायला काय झालं? बाकीचं भाषण तयार आहे, अण्णा. हे एकच वाक्य माझ्या हातून लिहवत नाहीये.

तुम्हीच शिकवलंत ना? "लग्न चुकलं तर माणसं रुसतात, मयत चुकलं तर विसरत नाहीत." तालुक्यात कुठेही कोणी गेलं की तुमची जीप निघायची, आणि शाळा नसली की मागच्या सीटवर मी. चपला बाहेर काढायच्या, सतरंजीवर खाली बसायचं, घरचं माणूस बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. मग हळूच विचारायचं, "पोरं जेवली का?"

एका घरी तरणी सून गेली होती, आठवतं? मी बारा-तेरा वर्षांची असेन. निघताना तुमच्याबरोबरच्या बाबुरावांनी हात जोडले आणि म्हणाले, "तेवढं रविवारी साहेबांकडं लक्ष असू द्या." तुम्ही गाव मागे पडल्यावर जीप थांबवलीत.

"बाबुराव, उतरा खाली. चालत या."

"साहेब, माझं चुकलं काय?"

"मयताच्या घरी मत मागायचं नाही. आपण बसायला गेलो होतो का गिऱ्हाईक बघायला?"

बिचारे बाबुराव भर उन्हात चालत आले. आणि ते गाव त्या निवडणुकीत तुमच्या विरोधात गेलं, हेही सांगून टाकते. तुम्ही नियम बदलला नाहीत.

मला किती शिकवलंत हो! दाढी करताना माझ्याकडून मोठ्याने अग्रलेख वाचून घ्यायचात आणि आरशातूनच विचारायचात, "मग? पटलं का?" पटलं म्हटलं तर का पटलं, नाही म्हटलं तर का नाही. मंत्री जेवायला आले तरी मला पंगतीत तुमच्या शेजारी बसवायचात. मी वाढायला यावं म्हणून आई आतून डोळे वटारायची. कोणीतरी पुढारी हसून विचारायचा, "काय अण्णा, पोरीला आमदार करायचंय का काय?"

आणि तुम्ही नुसतं हसायचात. मी त्या हसण्याचा अर्थ 'हो' असा घेतला. लहान होते ना.

पुढे तुम्ही थकलात आणि घरात ती बैठक झाली. जन्मात एक अग्रलेख न वाचलेल्या रणजितचं नाव पुढे आलं. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "शुभा, भाषणं तू लिही. डोकं तुझं, चेहरा त्याचा." सगळ्यांना ते फार आवडलं. मीही मान हलवली. मग मिलिंदला इकडची नोकरी लागली तेव्हा मी बॅगा भरायची एवढी घाई का केली, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारायला हवं होतं, अण्णा. मला राग आला होता. अजूनही आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तुम्ही मला वाद घालायला शिकवलंत आणि मधूनच उठून गेलात!

परवा ईशा शाळेतल्या प्रोजेक्टचं सांगत होती. अमेरिका नवी नवी होती तेव्हाची एका पुढाऱ्याची मुलगी. बापाने तिला लॅटिन शिकवलं, ग्रीक शिकवलं, मोठमोठ्या पाहुण्यांच्या जेवणात यजमानीण म्हणून बसवलं. मत द्यायचा अधिकारसुद्धा नव्हता बाईला. ईशाने काटा खाली ठेवून विचारलं, "बट मम्मा, व्हॉट डिड शी डू विथ ऑल दॅट लॅटिन?"

मी म्हटलं, "जेव आधी." तेव्हापासून माझं बूड एका जागी टेकलेलं नाही.

तुमच्या आधी दोन-तीन महिने आमच्या शेजारच्या योकेबाईंचे यजमान गेले. अंत्यविधीला मोजकीच माणसं चालणार होती, म्हणून आम्ही गल्लीतले सगळे आपापल्या दारात उभे राहिलो आणि ती काळी गाडी सावकाश पुढून गेली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागच्या अंगणात जाऊन बसले. थंडी मरणाची. बोलले काहीच नाही. बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "सगळे फोन करून विचारतात, कशी आहेस. तू एकटीच गप्प बसलीस. कोणी शिकवलं?"

"वडिलांनी. ते राजकारणात आहेत."

"गप्प बसणारा राजकारणी?" त्या दिवसांत बाई पहिल्यांदा हसल्या असतील.

तुम्हाला हे फोनवर सांगायचं होतं. मग सांगू, मग सांगू करता करता तुम्ही हॉस्पिटलमध्ये गेलात. व्हिडिओ कॉलवर तोंडाला मास्क होता, बोलता येत नव्हतं, तर तुम्ही हात हलवलात, अगदी उघड्या जीपमधून हलवायचात तसा. मी चिडले. म्हटलं, अण्णा, मी गर्दी आहे का? ते आपलं शेवटचं.

विमानं बंद होती. ज्या माणसाने तालुक्यातलं एक मयत चुकवलं नाही, त्याच्या मयताला पीपीई किटमधला रणजित आणि नगरपालिकेची चार माणसं. मी फोनच्या पडद्यावर. कोणी सतरंजी टाकली नाही, कोणी विचारलं नाही पोरं जेवली का. तुमची पोरं जेवली नव्हती, अण्णा.

आणि आपलं एकट्याचंच घर तसं राहिलं असं नाही. आई फोनवर नावं सांगायची. गुरव मास्तर गेले, किराणावाल्यांची थोरली सून गेली, बाबुराव गेले. त्या घरांत अजूनही कोणी जाऊन बसलेलं नाही. रणजितला विचारलं तर म्हणतो, "ताई, आता प्रचारात सगळी गावं होतीलच की."

प्रचारात!

आत्ताच त्याला फोन केला. तुम्हाला लिहिता लिहिताच उठून केला.

"रणजित, भाषण लिहीत नाही मी. येतेय. मीच बोलते."

"अगं ताई, तू कशाला एवढ्या लांबून... आणि लोकांना काय वाटेल?"

"काय वाटेल?"

"की तू उभी राहतेयस."

मी हसले, अण्णा. नुसतीच हसले. तुमच्यासारखी.

तिकीट काढलंय. मिलिंदला अजून सांगायचंय, तो मीटिंगमधून खाली आला की सांगेन. सभेत तुमच्याबद्दल बोलेन, या रागासकट, आणि खाली बसेन. दुसऱ्या दिवशी जीप घेऊन निघेन. आधी बाबुरावांच्या घरी, मग मास्तरांच्या, मग जिथे जिथे तुम्ही गेला असतात तिथे. चपला बाहेर काढेन, खाली बसेन, ते बोलेपर्यंत बोलणार नाही. आणि तुम्हाला शब्द देते, त्यातल्या एकाही घरी मत मागणार नाही.

त्या फेरीत नाही. पुढच्या फेरीचा शब्द मात्र देत नाही.

तुमचीच,
शुभा