तीन नंबरची टाकी

१२ मार्च १९६७

शेवंता सकाळपासून बोलत नाही! नोकरी लागली ऐकून हसली होती. कारखाना व्हिस्कीचा आहे म्हटल्यावर तोंड फिरवलं. "नागपूरले दीक्षा घेतली तवा दारू पेणार नाही म्हणून शपथ घेतली ना तुमी? अन् आता दारूच बनवान?" म्हटलं, बनवीन, पिणार नाही. तिनं ताट सरकवलं आणि उठून गेली.

१५ मार्च

केमिस्ट साहेबांनी सगळं फिरवून दाखवलं. जव भिजवायचे, मोड आले की भट्टीत वाळवायचे. भरडून गरम पाण्यात घातले की गोड रस निघतो. तो टाकीत घालून वर खमीर. तीन-चार दिवस नुसता खदखदतो — खाली विस्तव नाही, तरी! मग तांब्याच्या मोठ्या भांड्यात दोनदा उकळून वाफ थंड करायची. निघतं ते पाण्यासारखं. रंग आणि निम्मी चव पुढं लाकडी पिंपात मुरताना येते, वर्षानुवर्षं. माझ्याकडे टाक्या दिल्यात. दोन पुरुष खोल.

१६ मार्च

डोमाजी भेटला! आमच्या रामपायलीचा. दीक्षेला आम्ही एकाच गाडीनं गेलो होतो. इथं पुनारामबरोबर टाक्या धुतो. "धुतो भाऊ, चाखत नाही," म्हणाला. बरं वाटलं.

२ एप्रिल

तीन नंबरच्या टाकीत मेलेली घूस. टाकी रिकामी — बुडायला पाणी नाही, अंगावर ओरखडा नाही. साहेब म्हणाले, रस खदखदताना वायू निघतो. जड असतो, तळाशी बसून राहतो. रंग नाही, वास नाही. कंदील सोडून बघायचा, विझला तर माणूस उतरवायचा नाही. सोडला. अर्ध्यावर गेला आणि कुणी फुंकर मारावी तसा विझला.

आता नियम झालाय. टाकी रिकामी केली की खालचं झाकण उघडून दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही.

२० एप्रिल

ऊन फार. पिंपांतली दारू आपोआप कमी होते, लाकडातून उडून जाते. थंड मुलखात थोडी, इथं कितीतरी. विलायतेत तिला देवदूतांचा वाटा म्हणतात म्हणे! गंमत म्हणून डोमाजीला सांगितलं. तो हसला नाही.

"इथं कोणाचा वाटा हाय, भाऊ?"

५ मे

साहेब रजेवर. कारखान्याचे शेठ येऊन टाक्यांपाशी उभे राहतात. लग्नसराई, माल हवा. "टंकी खाली क्यों पड़ी है?" कारण सांगितलं. "हाँ, हाँ, मालूम है."

९ मे



जबलपूरचे व्यापारी आले होते. शेठनी मला पिंपांच्या गोदामात बोलावलं, माल समजावून दे म्हणून. साहेबांकडून ऐकलेलं सांगितलं — आधी नुसता वास घ्या. मग थेंबभर पाणी घाला, वास खुलतो. मग घोट जिभेवर फिरवा. व्यापारी हसला, "खुद पीते नहीं, हमको सिखाते हैं!" शेठ माझ्याकडे बघत राहिले. मी घोट घेतला. जीभ पोळली, मग मधासारखं काहीतरी, मग ओलं लाकूड. आवडलं मला!

तेवढ्यात ओरडा.

तीन नंबर नुकतीच रिकामी केलेली. डोमाजी तळाशी पालथा पडला होता. पुनाराम शिडीवर पाय ठेवत होता, त्याला कमरेला धरून मागं ओढला. गळ टाकून डोमाजीला वर घेतलं. अंग गरम होतं. श्वास नव्हता.

"काहून उतरला रे तो?" मी विचारलं.

"नाही म्हणे तो," पुनाराम रडत होता. "सकाळी शेठ म्हणे, नाही उतरत तं घरी जाय, उद्या येऊ नको."

१० मे

वैनगंगेवर माती दिली. रुख्माबाई, त्याची बायको, रडली नाही. दोन्ही पोरांचे हात घट्ट धरून उभी होती.

१२ मे

पोलिसांत जबाब द्यायचाय. शेठनी दार लावून घेतलं. "पिया हुआ था, गिर गया. तुमने देखा. बस, इतना लिख दो."

डोमाजी प्यायलेला! त्या सकाळी दारू माझ्या तोंडाला लागली होती, त्याच्या नाही.

घरी येऊन शेवंताला सगळं सांगितलं. घोट घेतला तेही. मला वाटलं, पुन्हा अबोला धरेल. तिनं ताट वाढलं. मग म्हणाली, "खरं सांगून द्या. नोकरी जाते तं जाऊ द्या." परवा पोलिसांकडे जायचं. सगळं सांगणार — शेठचं नाव घेऊन!

१४ मे

निघताना रुख्माबाई दारात. आत आली नाही.

"भाऊ, ते पेऊन होते असंच लिहून द्या. शेठनं मले बाटल्या धुवाले घेतलं, उद्यापासून."

लिहून दिलं.