लोहगडाखालचा मुक्काम

लोणावळा,
ता. १८ जानेवारी १९३८

तीर्थरूप आप्पांस,

इंदिरेचा साष्टांग नमस्कार. आईच्या गुडघ्याला आराम पडला असेल. तिळगूळ पोस्टाने पाठवला आहे. यंदा पाक चढला, तेव्हा तुमच्या दातांनी जपून खावा.

मोटारीची सहल छान झाली. दोन गाड्या होत्या, एक आमची आणि एक ह्यांचे मित्र केशवराव आणि त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, यांची. लोहगडाच्या पायथ्याशी तंबूत राहिलो. पुरुषमंडळींना तंबू ठोकायला अर्धा दिवस लागला आणि तो पडायला एक वारा पुरला. हवा मात्र सुरेख. मी पोटभर जेवले, गाढ झोपले.

निघायच्या सकाळी गावातल्या झुंबरबाईंचं पातेलं परत द्यायचं राहिलं होतं. उसनं भांडं रिकामं देऊ नये, ही आईची शिकवण. म्हणून उरलेले लाडू त्यात घालून मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी हळदकुंकवाला बसवून घेतलं. परतले तर तंबू नाहीत, गाड्या नाहीत. दगडाआड निवायला ठेवलेला स्टोव्ह तेवढा होता.

झुंबरबाई मागोमाग आल्या. “मानसं कुटं गेली समदी?”

“विसरली असतील,” मी म्हटलं.

“बाईमानूस इसरतं व्हय कुनी? येतील माघारी. तवर भाकर खावा.”

उन्हं चांगली वर आल्यावर हे आले. उतरले ते थेट स्टोव्हकडे गेले. “सापडला एकदाचा,” म्हणाले. मग मी दिसले. “तू इथे कशी? मला वाटलं, तू वहिनींच्या गाडीत आहेस.” वहिनींना वाटलं होतं, मी ह्यांच्या गाडीत आहे. त्यांची गाडी पुढे निघून गेलेली, त्यामुळे चूक कुणाला कळलीच नव्हती. ह्यांना कार्ल्याजवळ चहाची तल्लफ आली, स्टोव्ह आठवला, म्हणून ते परतले.

मी गाडीत बसले. माणूस विसरतो, त्याचं काही नाही.

तुंगार्लीच्या तळ्याकाठी मंडळी जमली तेव्हा ह्यांनी तो किस्सा सांगितला. स्टोव्ह आणायला गेलो, वर बायको फुकट मिळाली. सगळे हसले, मीही हसले. जेवताना तो पुन्हा सांगायला लावला. मी वाढत होते. मला शोधायला कुणी आलं नव्हतं, हे त्यात कुणालाच खटकलं नाही. तेव्हा मला फार लागलं, आप्पा.

दुसऱ्या दिवशी मंडळी पुण्याला गेली. मी गेले नाही. शाळेतली मैत्रीण प्रमोदिनी इथे शिक्षिका आहे, तिच्याकडे राहिले आहे. ह्यांना वाटतं, मी रुसले आहे. रुसले असते तर बरं होतं, रुसवा निघतो.

मोटार पाहून तुम्ही हे स्थळ पक्कं केलंत ते माझ्या भल्यासाठीच, त्याबद्दल तक्रार नाही. मला आता तळेगावी घरी यायचं आहे. माहेरपणाला नाही, राहायला. लोक बोलतील आणि ते तुम्हालाच ऐकावं लागेल, हे मला कळतं. म्हणून विचारल्याशिवाय येत नाही. हो असो की नाही, दोन ओळी लिहा. पत्र आलंच नाही तर आप्पा विसरले असतील, अशी समजूत मी या वेळी करून घेणार नाही.

आपली,
इंदिरा