पाण्यावरच्या सात पायऱ्या

४ ऑक्टोबर, बीड

गावोगाव फिरून दुसऱ्यांच्या भिंतींवरची चित्रं पारखणाऱ्या भावाबहिणींनो, आपलं दुखणं एकच आहे. लोक आपल्याला बोलावतात, चहा पाजतात आणि आपलं ऐकत मात्र नाहीत. तीस वर्षं हे सोसून मी थकले. आता जिथे जाते तिथे ऐकवूनच येते. ही वही तुमच्यासाठी.

एसटीने कंबर मोडली, पण घर हसतं आहे. इसाक फळांचा व्यापारी; घरचं चित्र पारखून तसा कागद लिहून द्यायला त्यानेच बोलावलं. आल्या आल्या त्याने मोसंबीचा रस पुढे केला. बायको फरीदा, आठवा महिना. बैठकीत ते तैलचित्र: व्हेनिस, कालवा, घंटेचा मनोरा, पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. इसाकच्या आजोबांनी हैदराबादेत एका नवाबाच्या सामानातून आणलेलं. अस्सल वाटतं.

चित्राखाली मात्र भरलेली घागर. फरीदा रोज सकाळी भरते. आधी सासू भरायची, त्याआधी तिची सासू. मी बजावलं, ओलीने कॅनव्हास कुजतो. ती म्हणाली, "राहू द्या की मॅडम, कुनाचं काय जातंय?" मी अर्धा तास बोलले. घागर उचलली गेली.

५ ऑक्टोबर

मोजमाप झालं. अडीच फूट बाय साडेतीन. पाण्यावर सात पायऱ्या. कोपऱ्यातलं आकाश आपल्या जुन्या रीतीने साफ केलं: थुंकीने ओला केलेला कापूस, हलक्या हाताने. पिवळा थर निघाला, खाली कोवळं निळं. दुपारपर्यंत तोंडाला कोरड पडली. तांब्याभर पाणी प्यायले तरी जाईना. इसाक हसला, "पानी इटलीत अन् तहान बीडात. लई भारी चित्र हाय मॅडम."

७ ऑक्टोबर

पायऱ्या पाच. डोळे थकले असतील म्हणून फोटो ताडून पाहिले. परवाच्या फोटोत सात, आजच्यात पाच. चित्रातलं पाणी दोन पायऱ्या चढलंय.

पेट्यांतली मोसंबी कापली तर आत काथ्या. इसाक फोनवर तलवाड्याच्या बागवाल्यावर तापला: "कावून वाळली बे? महिनाभर घरात ठेवलती का?" बागवाला शपथेवर सांगतो, कालच तोडली. यंदा पाऊसही भरपूर.

८ ऑक्टोबर

तीन. इसाकचं बोअर आटलं. शेजाऱ्यांच्या बोअरला पाणी आहे. कॅनव्हासची पाठ चाचपली, खडखडीत कोरडी.

फरीदाने कुणाला न विचारता घागर परत ठेवली. दुपारी रिकामी. फरशीवर थेंब नाही. घागरभर पिऊनही चित्रातलं पाणी मागे हटलं नाही.

आजवर चित्राचं घागरीवर भागत होतं. आता त्याला माणसातल्या ओलीची चव लागली आहे. ती मी लावली. थुंकीच्या कापसाने.

९ ऑक्टोबर

फरीदाला दवाखान्यात ठेवलं. बाळाभोवतीचं पाणी निम्म्यावर आलंय, डॉक्टर म्हणाले. इसाक आज एकदाही हसला नाही. तिने मला विचारलं, आता तुमच्या कागदात काय लिवणार मॅडम. मी तिच्या उशाचा तांब्या रिकामा केला, कोरड तशीच.

१० ऑक्टोबर, सकाळ

एक पायरी. बाळ संध्याकाळपर्यंत तग धरेल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी इसाकला म्हटलं, चित्र मला दे. कावून, असंही त्याने विचारलं नाही. स्वतःच खिळ्यावरून काढलं.

दुपार, कपिलधार धबधब्याजवळ

रिक्षावाला सोडून गेला. धार शंभर पावलांवर. ऐकू येते. उठवत नाही.

चित्राला पोटभर पाजलं तर ते फरीदाला सोडेल. दुसरं काही सुचत —

तीन बाटल्या प्यायले. घशाखाली काही उतरलंच नाही. बोटांची कातडी सुटते आहे, पेन घसर —

शेवटची पायरी अर्धी —

ज्याला ही वही सापडेल त्याने माझ्याकडे बघत बसू नये. मला उचलू नका. चित्र उचला. संध्याकाळच्या आत धारेखाली धरा, रंग वर करून, भरेपर्यंत धरा, धारेखा —