तुमच्या डब्यावरची क्वीन मेरी

प्रिय बाबा,

उद्या पांढरकवड्याच्या शाळेत मी शिकवायला उभी राहणार. निघताना आईनं भाकरी बांधून दिली ती तुमच्याच डब्यात. तो समोर ठेवून हे लिहितेय, कारण तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर आज सकाळी मला मिळालं. उशिरा मिळालं, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

डबा आठवतो ना? खाणीच्या साहेबाच्या बंगल्यावरून आलेला, बिस्किटांचा. झाकणावर तीन लाल धुराड्यांचं मोठं जहाज आणि खाली इंग्रजी नाव. राजूरच्या आपल्या चाळीत ते कुणालाच वाचता येईना. मी मुळाक्षरं शिकून आले, तर तुम्ही डबाच पुढे केलात.

"वाच वं सुमे."

"हे इंग्रजी हाये, बाबा."

"मंग इंग्रजी येईपर्यंत शीक!"

आई म्हणाली, "पोरीले का जहाजावर धाडता?" तुम्ही हसलात, पण माझी शाळा सुटू दिली नाहीत. पुढे एकदा मी अडखळत "क्वीन मेरी" वाचलं, तेव्हा अंगणात उभं राहून अख्ख्या चाळीला ते नाव ऐकवलंत! त्यात किती उतारू बसतात, ते कुठला समुद्र ओलांडतं, हे मी मास्तरांना विचारून यायची आणि तुम्ही खाणीत जाऊन सांगायचात. समुद्र आपल्यापैकी कुणी पाहिला होता? तुमचं जहाज मात्र रोज भाकरी घेऊन जमिनीखाली उतरायचं.

आणि शेवटचं वाक्य ठरलेलं. "एवढं मोठं जहाज चालते कायच्यावर? आपल्याच कोळशावर!"

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी दिवाळीला घरी आले होते. तुमच्या पाळीतले मारोतीकाका आणि इतर सोबती ओट्यावर चहा पीत होते. तुम्ही तेच वाक्य म्हणालात आणि मी फटकन बोलले, "नाही बाबा, ते तेलावर चालतं. मी पुस्तकात वाचलंय."

"घे, बुडालं तुहं जहाज!" मारोतीकाका म्हणाले. सगळे हसले. तुम्ही झाकणावरून अंगठा फिरवत राहिलात.

मी बोलले ते खरंच होतं. पण चारचौघांत, त्या स्वरात बोलायची काय घाई होती? पुढच्या सुटीत माफी मागू, पुढच्या सुटीत, असं म्हणत राहिले. आणि तुम्हीच गेलात.

तुम्ही गेल्यावर मारोतीकाका भेटायला आले. म्हणाले, "पोरी, दुसऱ्या दिवशी त्यानं खाणीत सगळ्याईले सांगतलं, माह्या पोरीनं माह्यी चूक काढली, हे साहेबालेबी ठाऊक नसन! लय खूश होता. पण एकडाव मले हळूच म्हणे, मारोती, मंग आपला कोळसा जाते कुठं?"

बाबा, हे मला काहून नाही विचारलंत? मी पुन्हा फटकन बोलेन, असं वाटलं का?

आज एसटी पकडायच्या आधी मी वणी स्टेशनात गेले आणि मालबाबूंना विचारलं, राजूरचा कोळसा कुठं जातो?

"बाई, कोळशावर का नाव लिहेल राह्यते?" ते म्हणाले. मी जागची हलेना, तेव्हा त्यांनी उभ्या इंजिनाकडे बोट दाखवलं. "काही कापसाच्या जिनिंगले जाते, काही याच्या पोटात. इथून गाडी निघते ते त्याच्यावरच."

चार वर्षं त्याच गाडीनं मी कॉलेजला गेले, बाबा! डोळ्यात कोळशाची कणी गेली की किती चिडायची! ती तुम्ही खणलेली असेल, असं एकदाही मनात आलं नाही. तुमच्या कोळशावर क्वीन मेरी चालली नाही. पण एक उतारू पैलतीराला लागली.

उद्या डबा उघडला की मुली जहाजाचं नाव विचारतीलच. मी वाचून दाखवणार नाही. इंग्रजी येईपर्यंत शिका, म्हणेन. आणि एखादी पोर अभिमानानं काही चुकीचं सांगू लागली, तर आधी तिचं शेवटपर्यंत ऐकेन. मग तिच्या शेजारी बसून, तिला एकटीलाच, हळू सांगेन. एवढं वचन घ्या माझ्याकडून.

तुमची,
सुमी