मुराळी

बाई, माझ्या तालुक्यातली एक पहिलटकरीण गेली. तुम्ही असता तर सगळ्यांत आधी तुम्हालाच फोन केला असता आणि तुम्ही पलीकडून विचारलं असतं, "रडून झालं? आता सकाळपासून सांग." म्हणून सकाळपासूनच सांगते.

तिचं सासर दर्यापूरजवळच्या एका खेड्यात, माहेर अचलपूरच्या पलीकडं. सातव्या महिन्यात तपासणीला आली तेव्हा तिचा बीपी वाढलेला होता. उपकेंद्रातल्या आमच्या सिस्टरनं गोळ्या दिल्या, मीठ कमी खा म्हणून सांगितलं, पुन्हा बोलावलं. पुन्हा ती आलीच नाही, कारण मधल्या दिवसांत सासूनं तिची ओटी भरली आणि भाऊ मुराळी म्हणून येऊन तिला माहेरी घेऊन गेला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडं कुणी ठरवतही नाही, ते ठरलेलंच असतं. माहेरी तिचं डोकं दुखायला लागलं. आईला वाटलं, उन्हानं चढलं. तेल थापलं, कांदा हुंगवला. मग एका सकाळी तिला समोरचं माणूस दोन दोन दिसायला लागलं आणि दुपारपर्यंत झटके सुरू झाले. गाडी मिळाली, दवाखाना गाठला, तिथल्यांनी शर्थ केली. बाळ वाचलं. ती नाही.

मी आता चार उपकेंद्रांच्या सिस्टरांवर देखरेख करते. बाळंतीण गेली की तिच्या घरी जाऊन काय काय घडलं ते विचारून आणायचं काम माझ्याकडं असतं. पुढं अमरावतीला बैठक होते आणि ती का गेली, ते तिथं ठरतं. सासरी जाऊन आले, नंतर माहेरी गेले. तिची आई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली आहे. मी शेजारी बसते, मीही चार शेंगा हातात घेते. हे तुमचंच, बाई. रिकाम्या हातानं विचारलं तर माणूस उत्तर देत नाही, असं तुम्ही म्हणायचात.

"तुमी मले काय इचारता, सिस्टर?" ती म्हणाली. "माह्या पोरीले बीपी होता, हे मले तुमच्या तोंडून समजून राहिलं."

"गोळ्या होत्या ना तिच्याजवळ?"

"असतीन. तिनं सांगतलं नाई. माहेरी येऊन आजाराची गोष्ट काढली, तर लोक म्हणतात सासरच्यायनं हाल केले. तिले सासरचं नाव खराब नोतं करायचं."

तिचा मोठा भाऊ दारात उभा होता. तो एकदम बोलला. "मुराळी मी गेल्तो. सासूनं साडी देली, नारळ देला, लाडवाचा डब्बा देला. बसमधी खिडकीपाशी बसवजा म्हणे, तिले मळमळते. हे सांगतलं. एवढं सांगतलं, तं बीपीचं सांगाले काय झालं होतं कोनाले? मी नसतो का सांगतलं मायले?"

येताना बसमध्ये मला राहून राहून तुमचं स्वयंपाकघर आठवत होतं.

अकोल्याला तुमच्या हाताखाली नर्सिंग शिकत असताना माझ्या डोळ्यांसमोर पहिली बाळंतीण गेली, तेव्हा तुम्ही मला वॉर्डातून सरळ तुमच्या क्वार्टरवर नेलंत. मला वाटलं, आता रागावणार. तुम्ही स्टोव्हवर अंबाडीची भाजी टाकलीत, भाकर थापायला घेतलीत आणि म्हणालात, "सांग." मी म्हणाले, बाई, ती उशिरा आली. तुमचा हात परातीतच थांबला. "उशीर? उशीर काय पाव्हना हाय का, आपलाच चालत आला? कोनाच्या घरून निघाला, कुठी थांबला, कोनं बसवून ठेवला, थे सांग." मी सांगत गेले. ती घरून केव्हा निघाली, कुणाची वाट पाहिली, रस्त्यात काय झालं. दोष कुणाला द्यायचा नाही आणि सोडायचं तर काहीच नाही, असं ते सांगणं. संपलं तेव्हा तुम्ही ताट पुढं सरकवलंत. "आता जेव. उद्या याच्यातली एक गोष्ट बदलून दाखवजो. दोन नको, एक." त्या वेळी ते मला कठोर वाटलं होतं. आज वाटतं, रडणाऱ्या पोरीला धरायला तेवढंच काही तुमच्याजवळ होतं आणि ते तुम्ही दिलंत.

परवा बैठक झाली. समोरच्या मसुद्यात कारण लिहून ठेवलं होतं: नातेवाइकांकडून उशीर. सासरकडची सिस्टर म्हणाली, "आमच्याकडून गेली तेव्हा चांगली चालत गेली." माहेरकडची म्हणाली, "आमच्याकडं तर ती नाव नोंदवायलाही आली नाही." दोघी खरं बोलत होत्या आणि दोघींचे डोळे सुजलेले होते. मला एकदम दिसलं की ती पोर या दोन वाक्यांच्या मधे मेली आहे. एका सिस्टरच्या हातून सुटली आणि दुसरीच्या हाती पोचलीच नाही.

मी उठले. म्हटलं, हा उशीर नातेवाइकांच्या घरून निघालेला नाही. तो दर्यापूर आणि अचलपूरच्या मधे आहे आणि त्या रस्त्यावर आपल्यातलं कुणीच नव्हतं. पोरगी माहेरी जाते तेव्हा घरचे मुराळी पाठवतात, तिला एकटी जाऊ देत नाहीत. मग तिचा बीपी, तिचं रक्त कमी असणं, तिच्या गोळ्या, हे सगळं आपण एकटं का पाठवतो? इकडच्या सिस्टरनं तिकडच्या सिस्टरला फोन करावा. पोरगी समोर असताना, मुराळी शेजारी बसलेला असताना.

मागून आमच्यातलीच एक जुनी सिस्टर म्हणाली, "घ्या! लसीकरण करा, सर्वे करा, आता मुराळी बी व्हा. फेटे देता का मंग आमाले?" सगळे हसले, मीही हसले. तिचं काही चुकलं नव्हतं, कामाचा ढीग खराच आहे. मी म्हटलं, "ताई, फेटा मी बांधून देते. फोन तुमी लावा." अध्यक्षस्थानी बसलेल्या डॉक्टरांनी विचारलं, तिकडच्या सिस्टरनं फोन उचललाच नाही तर? प्रश्न बरोबर होता. म्हटलं, उचलेपर्यंत पोरीला निरोप द्यायचा नाही, चहा पाजत बसवून ठेवायचं. त्यांनी मसुद्यातली ती ओळ खोडली आणि दोन तालुक्यांत करून बघा म्हणाले. एक गोष्ट, बाई. दोन नाही.

आणि आज तो पहिला फोन झाला. पोरीला आठवा लागायचा आहे, हिचंही माहेर अचलपूरकडचंच, हातात हिरव्या बांगड्या, मुराळी म्हणून वडील आलेले. ते घाईत. "बाई, जीप निंघून जाईन." फेट्याची चेष्टा करणारी तीच सिस्टर त्यांना म्हणते, "जाऊ द्या. दुसरी येते. पोरगी एकच हाय ना?" फोन तिसऱ्यांदा लागला. पलीकडची म्हणाली, "अवं, आल्यावर पाहीन ना मी." आमची म्हणते, "आल्यावर नाई, आता आइक. बीपी वाढून राहिला तिचा." मग सगळं सांगितलं, गोळ्यांची नावं, शेवटचा बीपी, आणि शेवटी फोन पोरीच्या हातात दिला. ती लाजत म्हणाली, "हॅलो सिस्टर, मी येऊन राहिली." वडिलांकडून मी वदवून घेतलं. डोकं दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली, तोंडावर सूज आली, तर काय करायचं? "सिस्टरले फोन लावाचा, गाडी कराची." आणि तेल? "तेल बिल नाई लावत बसाचं." पोरगी खुदकन हसली.

जीप गेल्यावर सिस्टर मला म्हणाली, "झाला बा तुमचा मुराळी." मी हो म्हटलं. आता हे दोन तालुक्यांत थांबू द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं आहे. कंटाळतील, विसरतील, हसतील. मी दर तपासणीच्या दिवशी एकेका उपकेंद्रात जाऊन बसेन आणि येणाऱ्या प्रत्येकीला आधी विचारेन, माहेर कुठलं? त्या माउलीनं ओसरीवर जे मला ऐकवलं, ते आणखी एखाद्या आईला दुसऱ्या कुणा सिस्टरला ऐकवावं लागू नये, एवढंच मला करायचं आहे.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही, कपाटात ठेवून देईन. बैठकीत मी छातीठोकपणे सांगितलं की फोन पुरेसा आहे. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. मला तो पुरत नाही. उद्याची रजा टाकली आहे, कारण घरचं काम असं लिहिलं आहे, आणि आजच्या त्या पोरीला तिच्या माहेरी जाऊन डोळ्यांनी बघायला सकाळी मी अचलपूरच्या बसमध्ये बसते आहे.